सासूबाईंना पायाळू हवा

८ जाने., गुरुवार
मंदा तपासणीला आली. दुसरं बाळंतपण, नववा महिना, आणि बाळ डोकं वर करून ऐटीत बसलेलं. मला हाताला लागलं, माझ्या हाताखालच्या डॉ. सायलीला सोनोग्राफीत दिसलं. ती लगेच, "मॅडम, सिझेरियनची तारीख देऊ?" तिच्या पिढीला एवढंच उत्तर शिकवलंय.

मंदा हिंजवडीशेजारच्या माणमध्ये आयटीतल्या पोरांचे डबे करते. "पोट फाडलं तर डबं कोन करंल? पोरं दुसरीकडं जात्याल."

म्हटलं, बाहेरून हातानं बाळ फिरवून बघू. सायलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंगारा फुंकायला बसणार होते.

खरा विरोध सासूचा. धोंडाबाई, ताम्हिणीकडच्या वाडीवरच्या. "फिरवू नगा, बाई. आमच्या वाडीत पायानं जल्मलेला, पायाळू, ऱ्हायला न्हाई. कंबरंत उसण भरली तर लाथ कुनाची खायाची?"

"आत्याबाई, तुमच्या कंबरंपायी मी पोट फाडून घिऊ व्हय?"

मी शास्त्रार्थ काढला: पोट कापून काढलेलं बाळ पायाळू धरतात का? धोंडाबाईंनी मनाशी हिशेब केला. मग, "न्हाई. त्ये पायानं कुटं येतंय? मग फिरवा."

वाद जिंकला. आता बाळ फिरवायचं राहिलं.

१० जाने.
शेवटचं बाळ फिरवून कैक वर्षं झाली. हातांना विचारलं, जमेल? चोळून गरम केले.
आमचे सर वॉर्डात डोळ्यांवर फडकं बांधून पोट तपासायला लावत. "हात आधी गरम करा. गार हाताशी बाळ खोटं बोलतं." ठोक्यांसाठी कानाला एक नळी, बस. प्रत्यक्षापेक्षा अनुमानच जास्त. आमच्या काळी धाडस फार होतं, कारण दिसत कमी होतं. सायली म्हणते थिएटर तयार ठेवू. बरोबर म्हणते.

१४ जाने., संक्रांत
फिरलं!!
गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं. ठोक्यांच्या मशीनवर सायली. एका हातानं बाळाचं बूड वर, दुसऱ्यानं डोकं खाली. निम्म्यावर अडलं. ठोके मंदावले. हात काढले. ठोके पुन्हा दुडकू लागले, मंदा म्हणाली, "करा, बाई." आणि मासा वळावा तसं सुळकन...
सायली सोनोग्राफीच्या मशीनकडे धावली. तिला म्हटलं, डोळे मिट, हात ठेव. चाचपडली. मग एकदम, "मॅडम, सापडलं! डोकं!" लहान मुलीसारखी हसली.
सूर्य उत्तरेला, बाळ दक्षिणेला. धोंडाबाईंनी कंबर धरत तिळगूळ दिला. ग्वाड बोला म्हणाल्या. स्वतः बोलल्या नाहीत.

२१ जाने.
सायली हल्ली प्रत्येकीचं पोट डोळे मिटून तपासते. आयटीतल्या एका पेशंटनं हळूच विचारलं, "त्या प्रार्थना करतायत का?" थोडीफार, म्हटलं.

२६ जाने., सोम.
मंदा. डोकं खालीच, पण अजून सुटं आहे, कटीत रुतलेलं नाही. गडी पुन्हा फिरू शकतो.

२९ जाने., गुरु.
मंदाला कळा. नवऱ्याची कॅब हिंजवडीच्या चौकात अडकलीय. फोनवर धोंडाबाई, आवाजात सण: "बाई, सकाळपासनं पोटात लई उलथापालथ झाली म्हनं!"
थिएटर तयार. माझी पैज डोक्यावर, सायलीचीही. जिंकलो तर गुळपोळी धोंडाबाईंकडून, त्यांची पैज पायांवर.
फाटकाशी हॉर्न. सोनोग्राफीचं मशीन बंदच ठेवलंय. सायली दारात उभी, तळहात एकमेकांवर घासत.