दर रविवारचं इंजेक्शन

भिसेगाव, कर्जत
१८ मार्च १९८४

प्रिय काळूराम,

जयभीम. प्रिय लिहिलंय ते सवयीनं. आत्ता समोर असतास तर आधी एक मुस्काटात ठेवून दिली असती. दोन महिने झाले तुला जाऊन. बायकोला सांगितलं नाहीस, आईला नाही, मला तर नाहीच. मागच्या आठवड्यात नागूमामाचं कार्ड आलं तेव्हा कळलं की तू मनमाडला त्याच्याकडे आहेस, कामाला हात लावत नाहीस, दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. आईनं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "पोराला झालंय काय, सांग की गं. मी आई हाय त्याची." काय सांगू तिला? दोन महिने मलाही तू वेडीच ठरवलंस ना?

मला कळलं ते आनंदीकडून. तू गेल्यावर आठ दिवसांनी ती लोधिवलीहून आली, एक पिशवी घेऊन. पिशवीत तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, घामानं पिवळ्या पडलेल्या. तुझ्या ट्रंकेच्या तळाशी सापडल्या म्हणाली. "ताई, हे छातीला बांधायचे ते. मे महिन्यातसुद्धा बनियन काढायचे नाहीत, मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मला वाटलं, दुसरी कुणी केली." काळू, त्या पोरीला तू लग्नाआधी, तिच्या बापासमोर सांगितलं होतंस की गालगुंड खाली उतरलं होतं, मला मूल होणार नाही. कुठला पुरुष सांगतो? ती तरीही हो म्हणाली. आणि अशा बाईपासून तू वर्षभर छाती लपवलीस?

मग मी रसायनीला गेले, तुझ्या कारखान्याच्या गेटवर उभी राहिले. तुझ्याबरोबरच्या मोरूला गाठलं. म्हणाला, "आमी मस्करी केली, ताई. शिफ्ट सुटल्यावर आंघोळीला गेलो, त्याचा बनियन वढला, तर खाली ते तसं. कुणीतरी बोललं, आरं ह्याला तर पान्हा फुटंल." कुणीतरी! मी विचारलं, तूच ना रं तो? डबा काखेत मारून सटकायला लागला. तिथंच सगळ्यांदेखत त्याला इतकं बोलले की वॉचमन मध्ये पडला. तू मात्र भिजल्या अंगावर शर्ट चढवून निघून गेलास, असं कळलं. पाच जण हसले म्हणून आठ वर्षांची नोकरी, घर, बायको, सगळं टाकून गेलास. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथून तशीच खोपोलीला, आपल्या त्या डॉक्टरकडे. पेशंट बसले होते, तरी थांबले नाही. विचारलं, दीड वर्ष माझ्या भावाला पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं लिहून देताय, एकदा तरी शर्ट काढून तपासलंत? एकदा तरी रक्त पाहिलंत? तो चष्मा पुसत म्हणतो, "दाढी आली ना? अंगात ताकद आली ना? मग तक्रार कसली?" दाढी आली, खरंय. सतरा वर्षांचा होतास, दोन्ही गाल फुगले, मग खाली सूज आली, आणि सूज उतरली तेव्हा तुझ्यातलं काहीतरी कायमचं सुकून गेलं होतं. मी तेव्हा अलिबागला नर्सिंग शिकत होते. आईनं बिचारीनं हळद-चुन्याचा लेप लावला. सत्ताविसाव्या वर्षी तुला मिशी फुटली, तेव्हा आरशासमोरून हलेनास. मीही तुझ्या मागे उभी राहून हसत होते. म्हणूनच त्या माणसाचा जास्त राग आला. त्यानं तुला मिशी दाखवली आणि बाकीचं बघितलंच नाही.

मागच्या गुरुवारी रजा टाकून परळला गेले, मोठ्या दवाखान्यात. तिथे हार्मोनच्या आजारांच्या एक बाई डॉक्टर आहेत. चार तास रांगेत बसले. त्यांनी जे सांगितलं ते नीट वाच. तू बाई होत नाहीयेस. पुरुषाच्या अंगात बाईचं हार्मोन थोडं असतंच, तुझ्यात, मोरूत, सगळ्यांत. शरीर पुरुषी हार्मोनमधूनच ते तयार करतं. इंजेक्शन गरजेपेक्षा जास्त गेलं की तेही जास्त तयार होतं आणि छाती फुगते. अजून जास्त द्यावं तर अजून वाढतं. यात तुझा दोष नाही, कुणाची करणी नाही. बाई म्हणाल्या, "रक्त तपासून दोन्हींचं प्रमाण पाहायचं, डोस उतरवायचा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. त्या हार्मोनचा पार नायनाट नाही करायचा, तेही जागेवर लागतं. सूज जुनी असेल तर सगळी उतरेलच असं नाही. नाहीच उतरली तर लहानसं ऑपरेशन आहे." आणि तू रागानं इंजेक्शन एकदम बंद केलंस हे ऐकल्यावर त्या चिडल्याच. तुझ्या शरीरात स्वतःचं आता फारसं तयार होत नाही, त्यामुळेच तू असा गळून पडलायस. असाच राहिलास तर हाडं ठिसूळ होतील म्हणाल्या. तू मनमाडला भिंतीकडे तोंड करून जी शिक्षा भोगतोयस ना, ती कुणीही तुला दिलेली नाही, मूर्खा.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हा तिसरा कागद घेतलाय, आधीचे दोन फाडले. बाईंनी त्या खोपोलीवाल्याची चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, "यात तर पंधरा दिवसांनी एक लिहिलंय. एवढ्यानं इतकं व्हायला नको. किती दिलंत?" मी म्हटलं, आधी दर रविवारी, मग रविवारी आणि बुधवारी. "कुणाच्या सांगण्यावरून?" मी म्हणाले, एक नर्स होती, तिनं दिलं, ती आता नसते. काळू, ती नर्स रविवारी तुला जेवू घालायची आणि मग आतल्या खोलीत सुई टोचायची. मिशी दोन महिन्यांत आली, तर दुप्पट दिल्यावर तू लवकर चारचौघांसारखा होशील, असं मला वाटलं. कुणाला विचारलं नाही. दहा वर्षं सुया टोचतेय, मला काय विचारायचं, हा माज. एका रविवारी तू म्हणालास, ताई, छातीत दुखतंय. मी म्हटलं, ताकद येतेय, चोचले करू नकोस. त्यानंतर तू मला काही सांगितलं नाहीस. कसं सांगशील? मोरूवर ओरडले, डॉक्टरवर ओरडले, या पत्रात तुझ्यावरही ओरडून घेतलं. बाईंनी २९ तारखेचा गुरुवार दिलाय, सकाळी नऊचा. आनंदी येणार आहे, तिला मी सगळं सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलेल. तू मला माफ करायला येऊ नकोस. तपासून घ्यायला ये. आणि त्या बाईंसमोर खुर्चीत बसलास की मी खोटं बोलले होते हे तुझ्यादेखत त्यांना सांगणार आहे.

तुझीच,
चंद्राताई