सहावी माळ

सुरत, ऑक्टोबर २००४

म्हणजे मागच्या पत्रातही शशिधर आणि ह्याही पत्रात शशिधरच! आक्का, तुझा सख्खा भाऊ मी हाय की तो? (तुला आणि दाजींना नमस्कार, शरणार्थी. दाजींचा गुडघा कसा हाय? माझी तब्येत तू विचारली न्हाईस, तरी बरी हाय.) तालमीच्या माडीवर त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला, बरं झालं. पण तुझ्या नणंदेला, सुष्मिताला, तो फुकट का शिकवतोय, हे अख्ख्या शिवाजी पेठेत एकालाही विचारावंसं वाटलं न्हाय? मी जळत न्हाय, नुसतं विचारतोय.

आणि कॉम्प्युटरचं एवढं काय कौतुक? मी इथं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चहा देतो हे खरं, पण परवाचं ऐक. नेट गोगलगायीगत चाललेलं, म्हणून आमचे मालक बाळासो (हातकणंगल्याचे, ओरडले की गावाकडं ऐकू जात असंल) यांनी उन्मेष नावाचा इंजिनियर बोलावला. त्यानं आमच्या नेटवर्कला काय काय जोडलंय त्याची यादी काढली. निघाले सहा कॉम्प्युटर. बाळासो म्हणाले, "पाचच हाईत की! खंडेनवमीला पाच माळांचे पैसे दिलेत मी." (आमच्यात कॉम्प्युटर माळांवर मोजतात.) उन्मेष म्हणाला, "सहाव्याचं नाव सुष्मिता दिसतंय. कोण ही?" हिशेब बघणाऱ्या दत्तोपंतांनी कारण नसताना घाम पुसला.

मग कामाला लागलो मीच. मी एकेक वायर उपसायची आणि उन्मेषनं आतनं ओरडायचं, "हाय अजून!" पाच उपसल्या तरी सुष्मिता जागची हलेना. सहावी वायर भिंतीकडनं माळ्यावर गेलेली, ती पाठीमागं झाकून मी उभा. शेवटी बाळासो स्वतः शिडी चढले. वर मोडीत काढलेला जुना कॉम्प्युटर चालू, त्याला हळदकुंकू आणि झेंडूची वाळलेली माळ.

"पावणं," बाळासो वरनंच मला म्हणाले, "ही सहावी माळ कुणाची?"

(माझी. पदरच्या पाच रुपयांची. दोन महिने ज्याच्यावर शिकलो त्याला नवमीला तसाच ठेवायला मन झालं न्हाय. सुरू करताना त्यानं नाव विचारलं, मला दुसरं सुचलं न्हाय. नेट अडलं तेही मी टायपिंगचे धडे त्याच्यावर उतरवून घेत होतो म्हणून.) वायर मात्र पक्की जोडलीय, असं उन्मेष स्वतः म्हणाला. शशिधरला सांग.

तुझा,
सोमशेखर

ता. क. दंड झाला, पण कॉम्प्युटर राहू दिला. नाव तेवढं बदलायला लावलं. आता शशिधर ठेवलंय. रोज सकाळी त्याची वायर उपसतो, बरं वाटतं.

पुन्हा ता. क. सुष्मिताला त्या माडीवरनं काढ. जयसिंगपूरला इरावतीबाईंचा क्लास हाय, तिथं शिकवायला बाईच हाईत. एस.टी.नं तासावर लागंल, लागू दे. पैसे कुणी दिले असं तिनं विचारलं तर माझं नाव सांगू नकोस. (सांगितलंस तरी चालेल.) जेवण माझं ऑफिसातच असतं, म्हणून दंड कापून हातात आले तेवढे सगळे मनीऑर्डरनं पाठवतोय : अकराशे चाळीस रुपये.