पाहुण्यांचं वेरूळ

४ मे, रविवार

मुन्नारची तिकिटं रद्द केली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एकटं ठेवून जायचं कसं? गुडघे इतके आखडलेत की सकाळी न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागतं. संघपाल म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. नवऱ्याचं हे वाक्य मला आता पाठ आहे. अमृता मोबाईल उचलून आत गेली. लेकीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

राग आला. कुणाचा? आत्याबाईंचाच आला. इथं तरी खरं लिहावं.

७ मे, बुधवार

डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं — दोन्ही गुडघे बदलायला हवेत, उशीर केलात तर बसून राहाल. घरी चहा घेताना आत्याबाई म्हणाल्या, "मला आता कुठं जायचं हाय? नवे गुडघे घेऊन करू काय?"

मी किती समजावलं! संघपालनंही. मान हलवतात, हो म्हणत नाहीत.

भांडी घासताना मनात आलं, मी एवढा हट्ट कुणासाठी करतेय? त्यांच्या चालण्यासाठी की माझ्या पाठीसाठी? पाठ मात्र दुखतेय.

९ मे, शुक्रवार

अमृतानं टूम काढली — लांब जमत नाही तर जवळचं बघू. म्हैसमाळ, दौलताबाद, वेरूळ. वेरूळ म्हटल्यावर संघपाल हसला. हसणारच. आमच्यासाठी वेरूळ म्हणजे पाहुणे. ते आले की न्यायचं, तिकिटं काढायची, कैलास दाखवायचा, ऊन वाढायच्या आत परत आणायचं. मी लेण्यांपेक्षा पाहुण्यांच्या पाठीच जास्त पाहिल्या असतील.

तेवढ्यात पलंगावरून आत्याबाई म्हणाल्या, "मी नाय बघितलं वेरूळ."

आम्हाला वाटलं, विसरल्या असतील. विसरल्या नव्हत्या. सगळे लेण्यांना गेले की घरी स्वयंपाकाला कुणीतरी थांबायचं. ते कुणीतरी म्हणजे त्या. तिथली बुद्धमूर्ती केवढी आहे, हे त्यांना भाकरी वाढता वाढता पाहुण्यांच्या तोंडून कळलेलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मीही त्या पाहुण्यांबरोबर जातेय. दर वेळी परत येऊन त्यांच्या हातचं गरम जेवलेय. एकदाही विचारलं नाही.

१३ मे, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमा. गर्दी नको म्हणून आज निघालो. आत्याबाईंनी कालचीच पांढरी साडी पुन्हा नेसली. आमचं बजाजनगर सोडल्यापासून खिडकीची काच खाली. पोचलो तर फाटक बंद! रखवालदार म्हणाला, "मंगळवारी लेणी बंद असत्यात, मावशी. कुठून आलात?"

संभाजीनगरहून, हे सांगायची संघपालला लाज वाटली. पाहुणे नेहमी रविवारचे, मंगळवारचं आम्हाला काय माहीत! "पप्पा, पुढच्या वेळी एखादा गाइड करू," अमृता म्हणाली. तिचा बाप फाटकाकडे बघत राहिला.

खुलताबादच्या रस्त्यावर झाडाखाली डबा सोडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी. मग रसवंतीवर आत्याबाईंनी उसाचा रस दोनदा मागितला. शुगर आहे! मी दुसरीकडे बघितलं. गाडीत त्या हसत होत्या, "बंद तर बंद. बाहेरून तर बघितलं." त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं?

घरी आल्यावर पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. तोंड भिंतीकडे.

१५ मे, गुरुवार

कपडे, ऑफिस, कपडे. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, रविवारी उघडं असतंय ना.

१८ मे, रविवार

काल संध्याकाळी सुजाताचा फोन — नणंद, नांदेडला असते. पोरं, दीर-जाऊ घेऊन येते म्हणाली, वेरूळ बघायचं. मी लगेच म्हटलं, छान झालं, आत्याबाईही जातील, घरी मी थांबते. म्हणताना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

एवढ्या माणसांच्या भाकऱ्या, येसराची आमटी, वांगी. मधेच विचार आला, आता त्या आत पोचल्या असतील.

सगळे उन्हानं लाल होऊन आले. जेवणं झाल्यावर आत्याबाईंना विचारलं, कशी वाटली मूर्ती?

"मी नाय गेले आत. पिशव्या व्हत्या. सुजाताचं बारकं झोपलं व्हतं मांडीवर. झाडाखाली बरं वाटलं."

संघपाल म्हणतो, मी दोनदा विचारलं, तीच नको म्हणाली. खरंच असेल. पिशव्या आणि पोर मांडीशी ठेवून विचारलं, की कुणी नको म्हणणार नाही?

मला वाटलं होतं, मी त्यांच्या जागी थांबले म्हणजे झालं. त्या गेल्या तिथंही त्यांची जागा तयारच होती.

२१ मे, बुधवार

उद्याची रजा टाकली. स्वयंपाक करणार नाही. संघपालला म्हटलं, डबा नाही, कँटीनला जेव. "का?" म्हणाला. सांगितलं. मग म्हणाला, गाडी घेऊन जा. नको म्हटलं. रिक्षा सांगितली.

२२ मे, गुरुवार

दोघीच. दहाव्या लेण्यात बुद्धासमोर बसून आत्याबाईंनी त्रिशरण म्हटलं. त्यांचाच आवाज वरून परत आला, तशा दचकल्या. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

बाराव्या लेण्याला तीन मजले. पायऱ्या उंच. त्या खालीच थांबल्या, मला वर पाठवलं. मी खाली येऊन सांगायला लागले — वर दोन्ही बाजूंना ओळीनं बसलेले — तर त्यांनी हात आडवा केला.

"सांगू नको, सरिता. मी चढून बघीन. त्या डागदराला फोन लाव."