टाचणीची धास्ती

३ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! शेजारणीच्या नातीचा फ्रॉक शिवला, इस्त्री केली, पिशवीत घातला. मग वाटलं – आत टाचणी राहिली असेल तर? पोरीला टोचली तर? काढला, चाचपला, शिवण उसवली, परत शिवली. पिशवीत घालते तोच परत तेच. शेजारीण दारात उभी. "अगं, नात मोठी होईल तोवर," म्हणाली. मी हसले. हात फ्रॉकवरच.

४ फेब्रुवारी
सासूबाई म्हणतात, "तुझ्या शिवण्यापेक्षा उसवण्यातच सफाई जास्त." बाई बोलतात झकास, मान्य करायला हवं.

१९ फेब्रुवारी
काही नाही.

२६ फेब्रुवारी
गंमत म्हणजे तपासणं थांबलं. आपोआप. एक पँट आखूड करून दिली, वळून पाहिलंसुद्धा नाही. नवरा इतका खूश की मशीनला तेल घातलं. "सुटलीस बघ," म्हणाला.
सुटले खरी. पण पलंगावरून उठवत नाही. केस विंचरायला हात जड. ताटातलं ताटातच राहतं. कापडं पडलीत – पडू देत. टाचणी राहिली तर राहिली.
हे मीच लिहिलं?

५ मार्च
सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. टोमणा नाही, काही नाही. म्हणाल्या, "उसवत होतीस तेव्हा निदान जिवावर उदार होऊन भांडत तरी होतीस गं. चल, डॉक्टरकडे."
नवरा म्हणाला, "आता कशाला? बरी झाली की ती."
त्यांनी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो मुकाट्याने गाडीची किल्ली घेऊन आला.

६ मार्च
मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. "तपासणं का थांबलं?"
"कंटाळा आला."
"कशाचा?"
सगळ्याचा, म्हणाले आणि रडू फुटलं.
टाचणीचे ते विचार अन् पुन्हा पुन्हा तपासणं, याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, म्हणतात. त्यात उदासी पुष्कळदा जोडीने येते, असं त्या म्हणाल्या. भीती माणसाला दमवते, दमला की तो खचतो, खचला की झगडायचं त्राण राहत नाही. "तुमची भीती गेली नाही, तुम्ही थकलात."
नवरा खाली मान घालून म्हणाला, "आणि मी तेल घालत बसलो."
रोज गोळी. शिवाय गृहपाठ – रोज एक लहानसं काम, अन् शिवलेलं एकदाच बघून देऊन टाकायचं. या वयात गृहपाठ!

२२ मार्च
एक बटण लावलं. सासूबाईंनी शर्ट शेजारणीकडे नेऊन दाखवला. बटण! मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा बरंही वाटलं.

१७ एप्रिल
डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मला परत भीती वाटतेय. पोटात गोळा येतोय."
"मग काय केलंत?"
"कपडे एकदा बघितले आणि देऊन टाकले. गोळा अजून आहे."
"आणि?"
"आणि सपाटून भूक लागलीय."