दार उघडं ठेवा, बाई

७ जानेवारी
आज पुन्हा ‘बाई’ म्हणाले. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी बाई! चहा नेला तर हात जोडून म्हणतात, “बाई, दार उघडं ठेवा. माझी बायको वारली आहे. मी डीकन आहे. घरात परकी बाई आणि दार बंद — बरं दिसत नाही.”
मी वारले! आणि त्यांच्यासमोर उभी राहून त्यांच्याच चहात साखर ढवळतेय.
दार उघडं ठेवलं. जयपूरची जानेवारी, घरात वारं भणाणतंय. शेजारीण डोकावली, “भाभीजी, इतनी ठंड में दरवाज़ा खुला?” म्हटलं, हवा चाहिए.

९ जानेवारी
फादरना चर्चच्या स्मरणिकेसाठी एक पान हवंय — डीकन पंढरीनाथ साळवे, जीवन आणि सेवा. “आपसे अच्छा कौन लिखेगा?” म्हणाले. मी बसले लिहायला. जन्म श्रीरामपूरकडचा. रेल्वेत सिग्नलचं काम. बदलीवर जयपूरला आलो ते मुरलीपुऱ्यात घर करून इथलेच झालो. मुलगी एक, कस्तुरी. २०१३ साली डीकन. बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, कितीतरी मयतांना माती दिली. संपलं. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.
बाकीचं कुठे लिहू? बायका विचारायच्या, लग्न झालेला माणूस पाद्री कसा हो? सांगून सांगून दमले — पाद्री नाही, डीकन. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, फादर करतात; धावपळ हे करतात. ह्यांना डीकन करण्याआधी बिशपांनी मला एकटीला बसवून विचारलं होतं, तुमची मर्जी आहे ना? सही घेतली माझी. आणि ह्यांनी कबूल केलं — बायको आधी गेली तर दुसरं लग्न नाही. नियमच तसा. घरी येताना स्कूटरवर मी चिडवलं, “बरं झालं, मी मेले तरी तुम्ही माझेच!” किती हसलो होतो दोघं.
तेच आता माझ्या मुळावर आलंय.

११ जानेवारी
चार दिवस अंघोळ नाही. मी हात लावला की अंग चोरतात. ताट समोर ठेवून मी लांब जाऊन बसले तरच जेवतात. मी कस्तुरीच्या खोलीत झोपते, चोरासारखी. डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार आहे, वाद घालू नका. वाद कुठे घालतेय? मी जिवंत आहे एवढंच म्हणतेय!

१२ जानेवारी, रविवार
गोपालपुऱ्याहून कस्तुरी आली, ती शिकवते त्या कोचिंगला आज सुट्टी. तिला बरोबर ओळखलं! ती म्हणाली, “पप्पा, ये मम्मी है ना!” तर केवढ्याने ओरडले — “आईच्या जागी कुणालाही आणून बसवू नकोस!”
मग त्यांच्यासमोरच ती मला सांगायला लागली. “मम्मी, चौमूं गावाच्या पुढे सिस्टर लोकांचा वृद्धाश्रम आहे. पप्पांसाठी एक बेड खाली आहे. एकतीसपर्यंत सांगायचंय. मतलब... तू पण थकतेस ना?” थकते. पाठ धरलीय, गुडघे गेलेत. तरी नाही म्हटलं. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव येऊ दे. मग खुशाल न्या.
मरिया माते, चार अक्षरं मागतेय. जास्त नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. गच्च्यांवर पतंग, ‘वो काटा!’चा गोंगाट उघड्या दारातून आत. तिळगूळ दिला, घेतला. धीर करून लग्नाचा फोटो पुढे केला. “ही कोण?”
त्यांनी फोटो जवळ घेतला. डोळे भरून आले.
“माझी बायको. लवकर गेली हो. तुम्ही ओळखत होता तिला?”
“थोडीफार,” म्हटलं. मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

१८ जानेवारी
आज आपणहून बोलत बसले. बायकोबद्दल. मी भाजी निवडत ऐकलं. म्हणे, रागावली की भांडी आपटायची, पण ताट कधी चुकवलं नाही. मग म्हणाले, “तिचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी एका बेवारस माणसाला माती द्यायला गेलो. ती शुद्धीवर आली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. माफी मागायची राहून गेली.”
अकरा वर्षं ह्यासाठी मी मनात धुमसत होते! आणि मिळाली ती अशी — परक्या बाईला.
“तिने केलं असेल माफ,” एवढंच बोलले. मेथी तशीच हातात राहिली.

२३ जानेवारी
माझ्या हातून जेवले! वरणभात, चार घास. अंघोळीचं पाणीही मीच घातलं. दुपारी मी दळण आणायला गेले, परतले तर दारातच उभे — “कुठे होता इतका वेळ?” आणि म्हणाले, “दार लावून घ्या. गारठलात तुम्ही.”
दार लावून घ्या! सतरा दिवसांनी! कस्तुरीला फोन केला, सिस्टरांना नाही म्हणून कळव. येतंय, त्यांच्या ओठांवर नाव येतंय. मला दिसतंय ना. ती म्हणते, मम्मी, एकतीसपर्यंत रुक. रुकते, म्हटलं. हसू फुटत होतं.

२७ जानेवारी
तीन दिवस गप्प. मी समोर आले की मान फिरवतात. पण मी वळले की बघतात. माझं काय चुकलं? देवा, हातात देऊन काढून का घेतोस?

३० जानेवारी
सकाळी पाहते तर स्वेटर घालून, जपमाळ खिशात ठेवून तयार बसलेले. दार सताड उघडं.
“बाई, मला त्या सिस्टरांकडे पोचवा. मी तुमची वाट बघायला लागलोय. माझा जीव जडायला लागलाय तुमच्यावर. अनुसयाला मी असं फसवणार नाही.”
माझं नाव घेतलं.
बॅग भरतेय.