संत अँड्र्यूची होडी

करावे, नोव्हेंबर १९९६

कुंदनदादास,

तुमच्या स्कॉटलंडचा संत अँड्र्यू मासेमार होता म्हणतोस, तर त्याला आपले बाबा कळतील. मला कळत नाहीत.

त्याच्या सणाला वहिनीच्या शाळेत चिमुकल्या हस्तकलांचं प्रदर्शन, म्हणून तू वीतभर होडी मागितलीस. मी होडी तासली, शिवणाच्या दोऱ्याचं जाळं विणलं. तुझ्या लग्नापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत, म्हणून सगळं लपवून. तरी त्यांनी पाहिलंच.

"ही गाठ कुनी शिकवली तुला?"

"तुम्हीच!"

त्यांनी जाळं उसवून स्वतः पुन्हा विणलं. मी पार्सल बांधायला घेतलं, तर बाबांनी जाळं खाडीत बुचकळून आणलं!

"नवं जालं कोरडं घराबाहेर जात नाय."

सुती दोरा आटला. रुमालाएवढं जाळं बिस्किटाएवढं झालं.

"आता हे कसं पाठवू?"

"पाठवतेस कशाला? त्याला सांग, येऊन घेऊन जा."

"असं लिहू?"

"लिही." दारापर्यंत जाऊन परत आले. "नको लिहू."

आता मी काय करायचं? ते रागाने बोलले की मनापासून, हे कळल्याशिवाय तुला बोलावणं म्हणजे लबाडी. मी गप्प बसले, तर वहिनीचं प्रदर्शन बुडणार.

आत्ता ते ओटीवर त्या वीतभर होडीत बसायची आणखी एक फळी ठोकतायत. मी चिडून म्हटलं, "एक आहे ना!"

मान वर न करता म्हणाले, "मग सून कुठं बसंल?"

तुम्हा दोघांमध्ये अडकलेली,
सुचिता