टोमॅटोला दिलेलं इंजेक्शन

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? (हेडनर्स झाल्यावर माणसाला बसायला मिळतं असा आमचा समज होता, पण तुमच्या मागच्या पत्रावरून तसं दिसत नाही.) इकडे सर्व क्षेम. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे. खरं काय ते पुढे कळेलच.

नमनाला घडाभर तेल नको. तुमच्या भाचीला नर्स करायचं हे मी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. (तिला विचारायचं राहून गेलं.) तीन वर्षांचा डिप्लोमा बरा की चार वर्षांची पदवी, प्रवेश परीक्षेत काय विचारतात, शेवटी कौन्सिलकडे नाव नोंदवलं नाही तर सगळं शिक्षण कसं पाण्यात जातं, हे मला तोंडपाठ. एव्हाना भाजीवालीलाही पाठ झालंय. तर गेल्या सोमवारी आम्ही मायलेकी कॉलेजच्या खिडकीपाशी उभ्या होतो. क्लार्कबाई एकेक विचारतायत, मी घडाघडा उत्तरं देतेय, आणि ही कार्टी म्हणते कशी, "मला नाही व्हायचं नर्स. मला गाड्या दुरुस्त करायला शिकायचंय. एवढं सगळं तुलाच येतंय तर तूच हो ना!" रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. क्लार्कबाईंनी पेन तसंच धरून विचारलं, "मग नाव कोणाचं लिहू?" वन्सं, तुम्ही मला ओळखता. मी हसणाऱ्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हटलं, लिहा माझं. तिथे वयाची अट नाही, बारावीला विज्ञान हवं, ते माझ्याकडे आहे. वीस वर्षं ट्रंकेत पडून आहे, पण आहे.

घरी तुमच्या बंधुराजांना सांगितलं. टीव्हीसमोरून न हलता म्हणाले, "रजिस्टर्ड नर्स? घर रजिस्टर झालं, लग्न रजिस्टर झालं, आता बायकोच तेवढी राहिली होती!" थोड्या वेळाने स्वतःचा विनोद ओसरला आणि जेवणाचं कसं होणार ते विचारायला उठून आले. म्हटलं, तुमचं तुम्ही शिकायचं, टोमॅटो चिरण्यापासून सुरुवात.

आईंनी मात्र मनापासून साथ दिली. (तुमच्याच मातोश्री, पण खरं सांगते, मला वाटलं नव्हतं.) बँडेजच्या सरावाला त्यांनी आपला हात दिला. बोटांपासून कोपरापर्यंत मी असं झकास गुंडाळलं की शेजारच्या काकू धावत विचारपूस करायला आल्या, त्यांना पाहून समोरच्या आल्या. आईंनी कोणाला खरं सांगितलं तर शपथ. नुसतं "चालायचंच" म्हणून सुस्कारा सोडतात. आता बँडेज काढू देत नाहीत.

इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करतात असं वाचलं होतं. घरात संत्री नव्हती म्हणून टोमॅटो घेतले. सुई घालायची, पाणी सोडायचं, अलगद काढायची. हात बसला तशी मी टोपलीतले सगळेच टोचून टाकले, आणि सांगायला विसरले. संध्याकाळी बंधुराजांनी पहिलाच टोमॅटो सुरीखाली धरला, तो थेट त्यांच्या चष्म्यावर उडाला, सुरी सटकली आणि बोट कापलं. फार नाही, पण रक्त आलं. मी शेजारीच उभी होते. मग जरा आडवी झाले. उकाडा फार होता. तुमच्या भाचीने माझ्या तोंडावर पाणी मारलं, बंधुराजांनी आपलं बोट आपणच बांधलं आणि आई बँडेजच्या हाताने मला वारा घालत बसल्या. "पेशंट उभा, नर्स आडवी," असं तुमचे बंधुराज आल्यागेल्याला सांगत असतात. सांगू देत. हसतील त्यांचे दात दिसतील.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. भौतिकशास्त्र तुमची भाची शिकवते, आणि लहानपणी मी तिला जशी ओरडायचे तशीच मला ओरडते. पण वन्सं, मला हे करायचंच आहे. मामंजींच्या आजारपणात आम्ही सगळे नुसते घाबरून खोलीभर फिरत होतो. तुम्ही आलात, बाह्या सरसावल्यात आणि घर शांत झालं. तेव्हापासून मला तसं यायला हवंय. खोलीत शिरल्याबरोबर माणसांचा जीव भांड्यात पडावा, असं. भाचीचं नाव मी उगाच पुढे केलं होतं.

तुमची भावजय
(अद्याप नोंदणी नाही)

ता. क. तुमची जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर पाठवा. उंदरांनी कुरतडलेली चालतील.

दुसरा ता. क. हाताची काळजी करू नका, असा आईंचा निरोप आहे. थोडी केलीत तर त्यांना बरं वाटेल.

शेवटचा ता. क. हे वर लिहायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी उकाडा नव्हता, पंखा जोरात चालू होता. रक्त पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कॉलेजात विचारायची सोय नाही आणि घरात विचारलं तर पुन्हा दात दिसतील. पहिल्यांदा तुम्हालाही चक्कर आली होती ना? उलट टपाली फक्त "हो" एवढंच कळवा. पत्रं बंधुराज आधी फोडतात. खोटं असलं तरी चालेल.